घर बांधताना, दुरुस्त करताना, रिकामं करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या इमारतीचं मोठं दुरुस्तीकाम मी सचिव असताना झालं. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे सगळे आपापल्या घरांचे प्रश्न माझ्याकडे पाठवतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. मी वकील नाही आणि इंजिनिअरही नाही, पण महापालिकेच्या खिडकीपुढे आणि परांचीवर पुष्कळ वेळ उभा राहिलो आहे.

१. जागा माझी, पैसा माझा, सातबारावर नाव माझं. मग घर बांधायला परवानगी कशाला?

जमिनीची मालकी असली म्हणजे बांधकामाचा हक्क मिळाला असं होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ (कचेऱ्यांच्या भाषेत 'एमआरटीपी') सांगतो की नियोजन प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय जमिनीचा विकास करता येत नाही. शहरात हे प्राधिकरण म्हणजे महापालिका किंवा नगरपरिषद. गावठाणात आधी ग्रामपंचायतीकडे जायचं, गावठाणाबाहेर महसूल आणि नगररचना खात्याकडे. नुसता शेतीचा सातबारा असेल तर घराच्या नकाशासोबत बिनशेतीचा विषयही निघतो.

नियमही सगळीकडे एक नाहीत. मुंबईची नियमावली वेगळी आहे. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत नियमावली, म्हणजे 'यूडीसीपीआर', लागू आहे. पुण्याच्या मेव्हण्याने सांगितलेलं सामासिक अंतर (प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायची जागा) दादरमध्ये चालणार नाही.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. नकाशा मंजूर करताना महापालिका सामासिक अंतर, उंची, चटईक्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं ते), रस्त्याची रुंदी, बंब आत येईल का हे बघते. खांबात किती सळई घालायची याचं गणित ती सहसा नव्याने करत नाही, तिथे तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आणि जबाबदारी चालते. म्हणून इंजिनिअर निवडताना 'सहीपुरता' माणूस शोधू नका.

२. आयओडी, सीसी, जोतं, ओसी... यातला नेमका कुठला कागद महत्त्वाचा?

सगळेच महत्त्वाचे, पण प्रत्येकाची वेळ वेगळी. 'आयओडी' हा मुंबईतला शब्द, अटी घालून दिलेली प्राथमिक मंजुरी. काम सुरू करायला लागते ती 'सीसी', म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र. जोत्यापर्यंत काम आलं की मंजूर नकाशाप्रमाणे आखणी आहे ना याची तपासणी होते. ती टाळू नका, चूक झालीच असेल तर ती सुधारण्याची ही शेवटची स्वस्त वेळ असते. सगळं झाल्यावर 'ओसी', भोगवटा प्रमाणपत्र. ती मिळेपर्यंत इमारतीत राहायला जायचं नसतं.

सीसी कायमची नसते. ती एक वर्ष चालते, मग दरवर्षी वाढवून घ्यावी लागते आणि ही वाढ तीन वर्षांपलीकडे जात नाही. या मुदतीत काम जोत्यापर्यंतही आलं नसेल तर पुन्हा नवा अर्ज.

३. छोट्या प्लॉटला आता परवानगीच लागत नाही म्हणे. खरं का?

अर्धं खरं. यूडीसीपीआर जिथे लागू आहे तिथे १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नेहमीसारखी मंजुरीची वाट बघावी लागत नाही. पण परवानाधारक तंत्रज्ञाने सही केलेला नियमात बसणारा नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं, आणि त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत परवानगी द्यायची तरतूद आहे.

'परवानगी लागत नाही' एवढंच ऐकून लोक नकाशाच करत नाहीत आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटवून तीन मजले चढवतात. असं बांधकाम अनधिकृतच असतं.

४. अर्ज देऊन साठ दिवस झाले, उत्तर नाही. परवानगी मिळाली असं समजून काम सुरू करू?

एमआरटीपीच्या कलम ४५ मध्ये अशी मानीव परवानगी आहे खरी. पण तुमचा प्रस्ताव प्रत्येक नियमात काटेकोर बसत असेल तरच. एखादा नियम मोडला असेल तर त्या 'मानीव' परवानगीवर केलेलं काम अनधिकृत धरलं जातं. साठ दिवस मोजण्याआधी कचेरीने त्रुटी कळवून अर्ज परत तर केला नाही ना, हेही बघा. ऑनलाइन प्रणालीतलं त्रुटीचं पत्र तुमच्या आर्किटेक्टच्या लॉगिनमध्ये पडून असतं आणि तुम्ही इथे बोटांवर दिवस मोजत बसता.

माझं मत विचाराल तर मानीव परवानगीच्या भरवशावर पाया खोदू नये. परवानगी नाकारली असेल तर कलम ४७ खाली राज्य सरकारकडे ४० दिवसांत अपील करता येतं, तो रस्ता जास्त पक्का.

५. फ्लॅटच्या आत काय काय बदललं तर कुणाला विचारावं लागत नाही?

रंग, गिलावा, लाद्या बदलणं, ओट्याचा ग्रॅनाइट, फॉल्स सीलिंग, गळणारे नळ. अशा कामांना महापालिकेची परवानगी लागत नाही. फक्त आतल्या भागापुरती किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणारी दुरुस्ती एमआरटीपीच्या कलम ४३ मध्येच वगळली आहे. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यातही किरकोळ दुरुस्तीला सूट आहे. वारसा यादीतली इमारत असेल तर मात्र ही सूट गृहीत धरू नका.

सोसायटीला लेखी कळवायचंच. यात परवानगीपेक्षा शेजारधर्म जास्त आहे. जुन्या लादीवर नवी लादी चढवून वजन वाढवणं, संडास-न्हाणीची जागा हलवणं, बाल्कनी बंद करून खोलीत घेणं ही कामं 'आतली' वाटतात पण तशी नसतात. बाल्कनीमुळे मंजूर नकाशा बदलतो, न्हाणीमुळे खालच्याच्या डोक्यावर पाणी येतं.

६. कंत्राटदार म्हणतो ही भिंत 'लोड बेअरिंग' नाही, पाडून टाकू. विश्वास ठेवू?

नको. भिंतीवर भार आहे की नाही हे इमारतीच्या आरसीसी नकाशावरून आणि जागेवर येऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं असतं. कंत्राटदार बोटाने टकटक करून सांगतो, तो अंदाज असतो. आरसीसी चौकटीच्या इमारतीत मधली चार इंची भिंत बहुधा नुसता आडोसा असते. जुन्या, जाड विटांच्या भिंतींच्या इमारतीत मात्र भिंत हाच खांब असतो. खांब आणि बीमला तर हात लावायचाच नाही. एसीच्या पाइपसाठी बीममध्ये पाडलेलं भोकसुद्धा 'हात लावणं' आहे.

घाटकोपरमध्ये २५ जुलै २०१७ ला चार मजली साई सिद्धी इमारत कोसळली, १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी काहीच पाडलं नव्हतं. म्हणून कोणाच्या घरात घणाचे आवाज येत असतील तर कमिटीने संकोच न करता दार वाजवावं आणि इंजिनिअरचं पत्र मागावं. पत्र नसेल तर काम थांबवायला सांगावं आणि महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. वाईटपणा येतो. मी घेतला आहे, दोन वर्षं एका घरातून दिवाळीचा फराळ आला नाही.

७. बारा वर्षं राहतोय, बिल्डरने ओसी घेतलीच नाही. आमची चूक काय?

चूक बिल्डरची, त्रास तुमचा. ओसी नसली की पाणी जादा दराने मिळतं, विक्रीच्या वेळी बँक कर्जाला नाक मुरडते, पुनर्विकासात अडचण येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या समृद्धी सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं की ओसी न देणं ही एकदाच घडलेली चूक नाही, ती रोज चालू असलेली चूक आहे. त्यामुळे 'तक्रारीची मुदत गेली' हे बिल्डरचं ठेवणीतलं उत्तर चालत नाही, आणि जादा भरलेल्या पाणीपट्टी-घरपट्टीची भरपाई ग्राहक आयोगात मागता येते.

दुसऱ्या बाजूने, सोसायटी स्वतःही ओसीसाठी अर्ज करू शकते. आधी आर्किटेक्टकडून मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष इमारत ताडून घ्या. फरक किरकोळ असेल तर दंड-शुल्क भरून बहुधा मार्ग निघतो. वरचे दोन मजलेच नकाशात नसतील तर प्रश्न १४ कडे जा.

८. घरपट्टी भरतो, लाइटचं मीटर आहे, खरेदीखत नोंदवलेलं आहे. म्हणजे बांधकाम कायदेशीरच ना?

नाही. घरपट्टी वापरावर बसते, त्याने बांधकाम कायदेशीर ठरत नाही. मुंबईबाहेरच्या महापालिकांच्या कायद्यात कलम २६७-अ खाली अनधिकृत बांधकामावर शास्ती, म्हणजे दंड, लावता येते, आणि ती वसूल केली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं होत नाही, हे तिथेच लिहिलेलं आहे. पिंपरी-चिंचवडकरांना हा शास्तीकर चांगलाच आठवत असेल. तो २०२३ मध्ये माफ झाला, पण कर माफ झाला म्हणून बांधकामं अधिकृत झाली नाहीत. नोंदणी कार्यालयही व्यवहार नोंदवतं, मजले मोजायला येत नाही.

९. आमच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी करायचं? कुणी १५ म्हणतं, कुणी ३०.

दोघंही बरोबर आहेत, नियम दोन आहेत. महापालिका कायद्याचा नियम ३० वर्षांचा (मुंबईत कलम ३५३-ब, इतर महापालिकांत २६५-अ). इमारतीला ३० वर्षं झाली की पुढच्या एका वर्षात नोंदणीकृत इंजिनिअरकडून तपासणी करून स्थैर्य प्रमाणपत्र द्यायचं, मग दर दहा वर्षांनी पुन्हा. वर्षं मोजायची पूर्णत्वाच्या दाखल्यापासून, वापर परवानगीपासून किंवा निम्म्या भागात प्रत्यक्ष वस्ती झाल्यापासून, जे आधी असेल तिथून. म्हणजे ओसी नसलेल्या इमारतीचंही घड्याळ चालूच असतं. टाळलं तर २५ हजार रुपये किंवा वर्षाची घरपट्टी, यातली जी रक्कम जास्त असेल तेवढा दंड.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींचा (सोसायटी चालवायच्या नमुना नियमांचा) नियम जास्त कडक आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी, ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी.

इमारत खराब व्हायला तीस वर्षं लागतातच असं नाही. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला पडली, १६ माणसं गेली. ती तीस वर्षांच्या जवळपासही पोचली नव्हती. बीमच्या खाली लांब आडवी चीर, स्लॅबचा गिलावा फुगून पडणं, गंजलेली सळई दिसणं, दारं अचानक चौकटीत अडकणं, खांबातून बारीक खडे पडणं, यातलं काहीही दिसलं तर वय न बघता इंजिनिअर बोलवा. खाऱ्या हवेतल्या इमारतींनी तर जास्तच सावध असावं.

१०. ऑडिट म्हणजे नक्की काय करतात? आमच्याकडे एक जण तासाभरात फोटो काढून गेला.

तो पाहणी करून गेला, तेवढ्याला ऑडिट म्हणत नाहीत. नीट ऑडिटमध्ये आधी प्रत्येक घरात जाऊन डोळ्यांनी तपासणी होते. मग रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा, अल्ट्रासोनिक चाचणीने आतल्या पोकळ्या, हाफ-सेल चाचणीने सळई गंजण्याची शक्यता, कार्बोनेशन चाचणीने काँक्रीटचं संरक्षण किती खोल संपलं ते बघतात. गरजेप्रमाणे कोअर, म्हणजे काँक्रीटचा गाभा कापून प्रयोगशाळेत फोडतात. घरं बंद राहिली तर अहवालात तेवढं भोक राहतं, म्हणून सभासदांना आधी तारीख द्या.

मुंबई महानगरातल्या अहवालांत शेवटी वर्ग लिहिलेला असतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आधी हा वर्ग वाचा, मग चाचण्यांचे तक्ते. आणि ज्याने ऑडिट केलं त्याच्याच भावाच्या कंपनीला दुरुस्तीचं कंत्राट देऊ नका, एवढं तरी पाळा.

११. गळतीचा खर्च कुणाचा? वरच्या मजल्यावरचे काका ऐकतच नाहीत.

गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाचं पाणी, सामायिक नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या यांतून गळत असेल तर सोसायटीचा. काकांच्या न्हाणीतून किंवा सिंकमधून झिरपत असेल तर काकांचा. भांडण होतं ते पाणी कुठून येतंय यावर, म्हणून आधी प्लंबरसमोर चाचणी करा. न्हाणीत पाणी कोंडून चोवीस तास ठेवायचं आणि खाली बघायचं. पाण्यात रंग टाकला तर वाद लवकर मिटतो.

पैशासाठी उपविधींत दोन निधी आहेत. दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक. बहुतेक सोसायट्या 'मेंटेनन्स कमी ठेवला' म्हणून पाठ थोपटून घेतात आणि स्लॅब पडल्यावर एकदम लाखाची मागणी काढतात.

१२. नव्या इमारतीत दोन वर्षांत तडे गेले. बिल्डर म्हणतो 'हेअरलाइन' आहे.

ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला किंवा संरचनेतला दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, असं रेरा कायद्याचं कलम १४ सांगतं. तक्रार ईमेलने, फोटो आणि तारखेसह करा. साइटवरच्या सुपरवायझरला तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही.

१३. अग्निशमन आणि लिफ्टचं सोसायटीने काय करायचं असतं?

२००६ च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार मालक-भोगवटादाराने आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवून, परवानाधारक एजन्सीचं 'नमुना ब' प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत असं वर्षातून दोनदा द्यायचं असतं. ओसी देताना मिळालेला अग्निशमन दाखला जन्मभर पुरत नाही. उंच इमारतीतली आश्रयाची जागा, म्हणजे 'रिफ्यूज', मोकळी ठेवायची. आम्ही एका इमारतीत तिथे टेबल टेनिस आणि गणपतीचे मखर बघितले आहेत. जिन्यातल्या चपलांच्या कपाटांचंही तेच.

लिफ्ट २०१७ च्या राज्याच्या कायद्याखाली येते. परवाना आणि तपासणी विद्युत निरीक्षकांकडे. लिफ्ट कंपनीशी देखभाल करार केला म्हणजे सरकारी तपासणी झाली असं नाही.

१४. अनधिकृत बांधकामाची नोटीस आली आहे. नियमित करून मिळेल का? लगेच पाडतील का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, बांधकाम नियमात बसतं का ते आधी बघा. परवानगी न घेता बांधलं पण नियमात बसतं, तर शुल्क भरून नियमित करण्याचा अर्ज करता येतो. चटईक्षेत्र ओलांडलं असेल, रस्त्यात असेल, नदीच्या पात्रात असेल तर अर्जाने काही होत नाही. शासनाने वेळोवेळी मुदती दिल्या आहेत. ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांसाठी एमआरटीपीत कलम ५२-अ आणलं, गुंठेवारीची (परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या तुकड्यांवरच्या घरांची) तारीख २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. पुढची मुदत येईलच या आशेवर फ्लॅट घेणाऱ्यांनी वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीची आठवण ठेवावी. ऐंशीच्या दशकातले जादा मजले, तिथे राहणारी साधी माणसं, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलेला खटला.

पाडण्याबद्दल, सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी बंधनकारक केली आहे. रस्ता, पदपथ, रेल्वेची जागा, नदी यांवरच्या बांधकामांना किंवा न्यायालयानेच आदेश दिलेला असेल तिथे हे संरक्षण नाही. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या, मंजूर नकाशाची प्रत जोडा. नगरसेवकाला फोन हे उत्तर धरलं जात नाही.

१५. इमारत सी-१ ठरली. आम्ही भाडेकरू आहोत. बाहेर पडलो तर हक्क जाईल का?

हा प्रश्न मला पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यात जास्त येतो, आणि याच भीतीने माणसं पडणाऱ्या घरात बसून राहतात. इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, महापालिकेने पाडलेल्या इमारतीच्या प्रकरणातच, हे स्पष्ट केलं. पण हक्क सिद्ध करायला कागद लागतो. निघण्याआधी महापालिकेकडून भाडेकरूंची आणि प्रत्येकाच्या क्षेत्रफळाची मोजणी करून घ्या, यादीची प्रत घ्या, खोलीचा व्हिडिओ काढा, भाडेपावत्या आणि वीजबिलं एकत्र ठेवा.

मालक मुद्दाम सी-१ करून घेतोय असा संशय असेल तर भाडेकरूंनी आपला इंजिनिअर नेमून वेगळा अहवाल द्यावा. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध गेले की मुंबईत प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. समितीचा निर्णय येईपर्यंत टेकू लावले आहेत ना ते बघा. माझगावच्या बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ ला पडली, त्यात ६१ जण गेले. ती महापालिकेच्याच मालकीची होती आणि त्यात तिचेच कर्मचारी राहत होते.

१६. आमची चाळ 'सेस'ची आहे. तिला हेच नियम का?

मुंबई शहरात ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असते. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ', १९५० अखेरपर्यंतच्या 'ब', पुढच्या 'क' वर्गात. घरपट्टीसोबत जो उपकर भरता तो याचसाठी. मंडळ दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं, त्यात आपलं नाव शोधण्याची सवय लावा. उपनगरातल्या चाळीला हे लागू नाही, तिथे प्रश्न ९ आणि १५.

१७. आम्ही न्यू जर्सीत असतो. गावचा वाडा चुलत्यांच्या समाईकीत आहे, एक भिंत रस्त्याकडे झुकली आहे. जबाबदारी कुणाची?

सगळ्या मालकांची, कुठेही राहत असलात तरी. धोकादायक भिंत पाडण्याची किंवा सावरण्याची नोटीस महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत देऊ शकते, आणि ती वाड्याच्या दारावर चिकटवली की तुम्ही वाचली नाही म्हणून थांबत नाही. वाटणीचा दावा चालू असला तरी भिंत दाव्याच्या निकालापर्यंत थांबत नाही. सगळ्या हिस्सेदारांनी मिळून एका चुलत्याच्या नावे फक्त तातडीच्या दुरुस्तीपुरतं मुखत्यारपत्र द्या, त्यात 'यामुळे कुणाच्या हिश्शाला बाधा येणार नाही' ही ओळ घाला, आणि भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवा. तोवर कुणाला तरी सांगून भिंतीला टेकू लावा आणि रस्त्याच्या बाजूने दोरी बांधा. माती-दगडाची भिंत पहिल्या मोठ्या पावसात नाही, पाऊस उघडून ऊन पडलं की पडते असं आमच्याकडचे गवंडी सांगतात.